मी गाळलेला ‘ह’

सोलापूरच्या म्युनिसिपालिटीत मी कारकून म्हणून लागलो तेव्हा मला एक वाईट खोड होती. मी पुण्याहून आलेला, त्यामुळे इथल्या लोकांचे मराठी सुधारणे हे आपले काम आहे असे मला वाटे. आमचा शिपाई मंगळवेढ्याचा, वयाने माझ्या वडिलांएवढा. तो “हितं हुबा हाय” म्हणाला की मी त्याच्याकडून “इथे उभा आहे” असे वदवून घेई.

“उगाच ह कशाला लावता?” मी विचारी.

“लावत न्हाय साहेब, आपसूक येतुया,” तो म्हणे.

अर्ज लिहून घेताना मी असे आगंतुक ह गाळून टाकत असे. त्यांतला एक मला अजून पचलेला नाही.

एका दुपारी अक्कलकोटकडची एक बाई कचेरीत आली. घरी कानडी, बाहेर जमेल तसे मराठी. तिचा नवरा गिरणीत मागावर होता. वर्षापूर्वी त्याचे डोके बिघडले आणि गिरणीचा भोंगा आपणच आहोत असे त्याला वाटू लागले. वाटेल त्या वेळी तो अंगणात उभा राहून भोंगा देई, तोही इतका हुबेहूब की अख्खी चाळ ताटावरून उठून गिरणीकडे पळत सुटे. दोनदा फसल्यावर शेजाऱ्यांनी बजावले होते, पुन्हा भोंगा झाला तर याला लिंबाला बांधू. ते व्हायच्या आत बाईला त्याला पुण्याच्या सरकारी वेड्यांच्या इस्पितळात पोचवायचे होते.

“गिरणीवाले म्हणत्यात, ह्ये सरकारचं काम. सरकारी दवाखान्यात म्हणत्यात, मुनसिपालटीचा दाखला आण. तुमी तरी आनि कुटं धाडू नका, अण्णा.”

ज्याच्या घरची ऐपत नाही त्याच्या उपचाराचा भार सरकारने आणि गावाने मिळून उचलायचा, असा नियम होता. ऐपत नाही हे आम्ही लिहून द्यायचे. छापील अर्जात एक रकाना होता, ‘रोग्याची स्थिती’.

“स्थिती कशी आहे?” मी विचारले.

“लई हुच्च हाय की.”

मला जरा नवल वाटले. पण माणसाला आपल्या घराण्याचा अभिमान असतो, असे म्हणून मी ह गाळला आणि वळणदार अक्षरात लिहिले, ‘अत्युच्च’.

कागद वर गेला आणि शेरा घेऊन खाली आला. ‘स्थिती अत्युच्च असल्याने खर्च घरच्यांनी सोसावा. तरी दोन सभासदांनी समक्ष पाहणी करावी.’

दोन सभासद पगड्या घालून टांग्यात बसले. एक वकील, दुसरे इथलेच कापडाचे व्यापारी. कागद धरायला मी. घर म्हणजे एक खोली आणि एक घोंगडी. “दिवाणखाना आत असेल,” असे म्हणत वकील आत शिरले आणि दोन पावलांत मागच्या भिंतीला लागले.

पगड्या पाहून नवऱ्याला गिरणीचे साहेब आल्यासारखे वाटले असावे. तो ताठ उभा राहिला आणि त्याने लांबलचक भोंगा दिला. आमच्या टांग्याचा घोडा रोज गिरणीच्या दाराशी उभा राहणारा. भोंगा ऐकताच तो रिकामा टांगा घेऊन तिकडे निघाला आणि टांगेवाला त्याच्या मागे.

“बाई, यांची स्थिती अत्युच्च आहे असं कोण म्हणालं?” वकिलांनी विचारले.

“म्या कशाला म्हनू? म्या हुच्च म्हनलं.”

व्यापाऱ्यांच्या घरी कानडीच बोलत. ते इतके हसले की पगडी डोळ्यांवर आली. “अहो, हुच्च म्हणजे कानडीत वेडा! याचं अत्युच्च कोणी केलं?”

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, “बाईंचे उच्चार स्पष्ट नाहीत.”

हे वाक्य मी बोललो. कोणी बोलायला लावले नव्हते. वकिलांनी तिथेच शेरा मारला, ‘अर्जदाराची माहिती संदिग्ध. नवा अर्ज करावा.’ नवा अर्ज म्हणजे पुढच्या महिन्याची सभा. बाई नवऱ्याला हाताला धरून आत घेऊन गेली.

चौथ्या दिवशी शिपाई म्हणाला, “साहेब, बांदला त्येला.”

मी तसाच गेलो. जुन्या लुगड्याने त्याला लिंबाला बांधले होते. बाई त्याला भाकरीचे घास भरवत होती. मला पाहून त्याने विचारले, “सुट्टी झाली काय?”

“अजून भोंगा झाला नाही,” माझ्या तोंडून गेले. त्याने लगेच छाती भरून घ्यायचा प्रयत्न केला, पण लुगडे आड आले आणि भोंगा अर्ध्यातच विरला.

तिथून मी थेट व्यापाऱ्यांच्या दुकानात गेलो. गिऱ्हाइके लुगडी पाहत बसली होती. मी म्हणालो, “तो ह मी गाळला.”

“कुठला ह?”

“हुच्चमधला. बाई बरोबर बोलल्या होत्या. मी खोटं बोललो.”

त्यांनी गज खाली ठेवला. “मग इथं काय करतोस लेका? चल वकिलांकडं!”

जुनाच अर्ज दुरुस्त करायचा असे ठरले. पण अत्युच्चमध्ये ह घालायला जागाच नव्हती. आधी संधी सोडवून ‘अति उच्च’ करावे लागले, मग उ खोडून हु केला. त्या एका अक्षराखाली दोन सभासदांच्या सह्या झाल्या आणि तिसरी माझी. दाखला त्याच दिवशी निघाला. इस्पितळात धाडायचा मॅजिस्ट्रेटचा हुकूम आठवड्यात आला.

नवरा-बायकोला स्टेशनावर पोचवायला मी गेलो होतो. सोबत एक पोलीस होता. एंजिनाने शिट्टी दिली आणि नवऱ्याने खिडकीतून सवाई उत्तर दिले. पोलीस कानांवर हात ठेवून बसला. त्या गडबडीत मी बाईला सगळे सांगून टाकले. ह कोणी गाळला, आणि त्या दिवशी खोटे कोण बोलले तेही.

गाडी हलल्यावर ती खिडकीतून म्हणाली, “अण्णा, तुमी बी लई हुच्च हाय की!”

त्या खेपेला मी ह जागच्या जागी राहू दिला.