भाच्यानं पाहिलेलं व्हिएतनाम

मी आणि बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पोह्याचे पापड गच्चीवर वाळत घालणं. ती जुन्या पातळावर एकेक पापड मांडत होती, मी परातीतून काढून देत होतो. मधेच मी दोन-चार मांडले, तर म्हणाली, "अवो, एकमेकांना लागू देऊ नका. चिकटले का फाटतात." सगळा जन्म पापडांच्या पेणमध्ये गेला आणि ही मला पापड शिकवते, म्हणून मी कुरकुरलो. खाली येताना ती जिन्यात बसली, पाणी मागितलं. तांब्या घेऊन आलो तोवर सगळं संपलं होतं.

मी सातवी नापास. आयुष्य मिठागरावर गेलं, लिहिणं माझं काम नाय. पण ती गेल्यावरच्या दोन दिवसांत शिकलेल्या माणसांनी जी अक्कल पाजळली, ती कुठंतरी लिहून ठेवावी असं वाटतं.

आमच्या पुढच्या खोलीत तेव्हा दोन व्हिएतनामच्या पोरी भाड्यानं राहत होत्या. नव्वदनंतरची गोष्ट. खाऱ्या जमिनीत भात कसा पिकवायचा ते शिकायला त्यांच्या सरकारनं पाठवल्या होत्या. परदेशात शिकायला धाडायचं आणि ते पेणला! इथं खाडीचं पाणी बांध फोडून शेतात शिरतं तेव्हा शिकवणारे साहेब मुंबईला असतात. पोरी मात्र रोज वह्या घेऊन जायच्या आणि गुडघाभर चिखल घेऊन यायच्या. त्यांनी धरमतरच्या खाडीतली मांदेली मासळी मिठात घालून बरणी उन्हात ठेवली होती, आणि ते कुजलेलं पाणी भातावर घेऊन खायच्या. सुकटीच्या वासात वाढलेला मी, तरी नाकाला पंचा लावला. शेजारणीनं खिडक्या लावून घेतल्या. बायकोनं चमचाभर चाखलं आणि "बरंय" म्हणाली. तिला सगळंच बरं वाटायचं, माझ्यासकट.

त्यांच्या गावालाही तांदळाचे पापड करतात, बांबूच्या चटईवर वाळवतात, हे कळल्यापासून तर बाईसाहेब खूश. दोघींना पोळपाट-लाटणं देऊन बसवायची. मराठी तिनंच शिकवलं, म्हणजे तोडकंमोडकं. तिला त्या आई म्हणायच्या.

एकदा धाकटी हसत हसत आत आली आणि म्हणाली, घरून फोन होता, आजी मेली. माझं डोकंच फिरलं. आजी मेली आणि ही दात दाखवते. बायकोनं मला डोळ्यांनीच गप्प केलं, पोरीला जवळ घेतलं. ती गेल्यावर मला म्हणाली, "हसत नाय ती. आपल्याला जड नको म्हणून तोंड झाकते. आपल्याकं पदर हाय, तिच्याकं हसू हाय."

आता भाचा. माझ्या बहिणीचा मुलगा, रोह्याला केमिकल कंपनीत मोठा साहेब. कंपनीनं त्याला दोन वर्षं व्हिएतनामला ठेवलं होतं. तेव्हापासून रोह्यात लग्न असो, बारसं असो, हा व्हिएतनाम सांगत बसायचा. ती माणसं तोंडावर हो म्हणतात आणि करत नाहीत, म्हणे. आमची तलाठी कचेरी यानं पाहिलीच नव्हती जणू. ती माणसं पोटातलं कळू देत नाहीत, काय वाट्टेल ते खातात, त्यांना देव-धर्म नाही. लोक माना डोलवायचे. विमानात बसून आलेल्या माणसाला कोण खोटं पाडणार? स्वतः तो राहायचा कंपनीच्या बंगल्यात, गाडीला ड्रायव्हर, स्वयंपाकी इथून नेलेला, आणि लोणच्याच्या बरण्या माझ्याच बायकोनं भरून दिलेल्या.

बायकोला नेली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर सोयऱ्यांनी भरलेलं होतं. पिठावर दिवा तेवत होता. पोरी खोलीतून आल्या. थोरलीच्या हातात वाडगा, त्यात शिगोशीग भात, वर सोललेलं उकडलेलं अंडं आणि भातात उभ्या खोचलेल्या त्यांच्या जेवायच्या दोन काड्या. तिनं वाडगा दिव्याशेजारी ठेवला, उदबत्ती लावली, हात जोडले आणि माझ्याकडे बघून हसली.

घरात एकदम कुजबुज सुरू झाली. सुतकाच्या दिव्यापाशी अंडं. माझ्या बहिणीनं करणी हाय म्हणत तोंडाला पदर लावला. भाचा तर वाटच बघत होता. तो म्हणाला, "बघा मामा, हसते. मी दोन वर्षं हेच सांगतोय. यांना काळीज नसतं. उद्या सकाळी यांचं सामान बाहेर काढा, मी माणूस पाठवतो." सगळ्यांनी होकार दिला. धाकटीला सगळे शब्द कळले नसतील, पण तिनं खोलीच्या दाराकडे बघितलं. जायचं कुठं, शिकणं अर्धं सोडून देशात परत कुठल्या तोंडानं?

मी थोरलीला विचारलं, हे काय हाय. ती म्हणाली, "आई लांब जाते. भूक."

मग मी भाच्याला विचारलं, "दोन वर्षांत तू तिथं कुणाच्या मयताला गेला होतास?"

"मी कशाला जाईन मामा? ती काय आपली माणसं आहेत?"

"कुणाच्या घरी जेवलास?"

त्यानं घड्याळ बघितलं. मग म्हणाला, तो मुद्दा नाही. साहेब लोकांना अडचण आली की मुद्दा बदलतो.

"मग तू व्हिएतनाम बघितलास कुठून," मी म्हटलं, "गाडीच्या काचेतून? त्यापेक्षा तुझ्या मामीनं चुलीपाशी बसून जास्त बघितला. वाडग्याला कुणी हात लावायचा नाय. पोरी कुठं जाणार नायत."

मामा म्हातारपणात बिघडला, असं बोलून तो गाडी काढून रोह्याला गेला. तेराव्याला आला तो, चांगला जेवूनही गेला.

पोरींनी वाडगा ठेवला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पापडांचं गाठोडं शोधलं. बायको गेली त्या दिवशीच्या गडबडीत कुणीतरी पातळासकट गुंडाळून टोपलीत फेकलं होतं. बहीण म्हणाली सुतकात असलं काही काढू नये. मी ते उचलून गच्चीवर नेलं. मागोमाग पोरी आल्या. बरेच पापड चिकटले होते. नखानं एकेक सोडवले, फाटले ते बाजूला ठेवले, बाकीचे पातळावर मांडत गेलो. थोरलीनं वाकून माझे दोन पापड जरा लांब सरकवले. एकमेकांना लागत होते.