मुबशिराच्या खड्यावरचा तांबडा ठिपका

निमगाव केतकीत स्टँडच्या मागं इस्माईलभाईंचं पंपाच्या जळक्या मोटारी भरायचं, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचं, दुकान आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारीच्या अंगावर तांबड्या ऑइलपेंटचा एक ठिपका असतो. आतल्या तारेच्या वायंडिंगमधून वीज गळत नाही हे मेगर नावाच्या काट्याच्या यंत्रावर दोनदा मोजल्याशिवाय तो ठिपका पडत नाही. एकदाच मोजून ठिपका लावला म्हणून इस्माईलभाईंनी सख्ख्या भाच्याला, सद्दामला, आठवडाभर नुसती जळकी तार उपसायला बसवलं होतं.

त्यांची लेक मुबशिरा याच दुकानात वाढली. शाळेतून आली की कानस घेऊन बसायची. "दाबू नगंस. कानशीचं वजनच पुरं हाय," हे अब्बांचं वाक्य तिच्या बोटांत मुरलं. मग इंदापूर, बारामती करत पोरगी पुण्याच्या प्रयोगशाळेत पीएचडीला पोचली.

एकदा ती सुट्टीला आली तेव्हा बावड्याचे मानसिंगराव मोटार घेऊन दुकानात बसलेले.

"इस्माईलभाई, लेक काय शिकतीया?"

"खड्यातनं वीज जाती का बघती."

"आन न्हाय गेली तर?"

"तर बरं. गेली तर पंचाईत."

"मग आमच्या डीपीवर आण की तिला. तितं कवाच काय जात न्हाय!"

मुबशिरा हसली, पण तिची पंचाईत खरंच झाली होती. समॅरियम आणि बोरॉनचा तिचा खडा, म्हणजे स्फटिक, कोंडो इन्सुलेटर जातीचा. उबेला त्यातून वीज बऱ्यापैकी जाते. पण शून्याखाली सव्वादोनशे ते दोनशे सत्तर अंश नेला की मोकळे हिंडणारे इलेक्ट्रॉन अणूंना धरून बसलेल्या इलेक्ट्रॉनांत गुंततात आणि ऊर्जेत एक दरी पडते. त्या दरीत इलेक्ट्रॉनला उभं राहायला जागा नसते. म्हणून वीज अडते, आणि जितकी थंडी तितकी जास्त अडायला हवी. मुबशिराच्या खड्यात ती अडत गेली, अडत गेली आणि अगदी तळाच्या थंडीला अडथळ्याचा आकडा वर चढायचाच थांबला. म्हणजे त्या दरीतही इलेक्ट्रॉनला कुठंतरी जागा सापडली होती.

संजीवनी मॅडम, तिच्या मार्गदर्शक, म्हणाल्या होत्या, "खडा वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये वाढवलाय. तेच आत अडकून वीज नेत असेल, नाहीतर वरची घाण नेत असेल. तसं नाही हे दाखव, नाहीतर हा खडा सोडून दे." दोन वर्षांत धड निघालेला तो एकच खडा, ज्वारीच्या दाण्याएवढा.

इकडं दुकानात सद्दामनं मानसिंगरावांच्या मोटारीला मेगर लावला. "गेली, मामू. नव्यानं भरायला लागती."

"पूस आधी," इस्माईलभाई म्हणाले. तारा जिथं जोडतात ती पट्टी त्यांनी स्वतःच कोरड्या फडक्यानं पुसली आणि पुन्हा मोजलं. काटा टणकन पलीकडं गेला. "गळती वरची हुती. मातीतनं."

"अब्बा, आन पुसूनबी काटा हलला नसता तर?"

"तर आतली गळती. मोटार उघडायची."

"आन वरची घाणबी न्हाय, आतलीबी न्हाय, असं निघालं तर?"

इस्माईलभाईंनी फडकं खांद्यावर टाकलं. "तर त्यो त्या मालाचाच गुण म्हनायचा. पर घासून बघितल्याबिगर म्हनायचा न्हाय."

"घासताना फुटला तर? एकच हाय माझ्याकडं."

"फुटंल. पर न घासता ठिपका लावशील का?"

पुण्यात गेल्यावर तिनं खडा घासायला घेतला. मॅडम म्हणाल्या, मशीनवर लाव. ती म्हणाली, "मशीनला दाब कळत नाही, मॅडम. मला कळतो." बारीक पॉलिशपेपरवर, बोटाचं नुसतं वजन ठेवून, चार दिवस. जुनं अंग सगळं झिजून गेलं, खडा निम्मा पातळ झाला, साधा चराही पडला नाही. वरची घाण असती तर ती आता गेली होती. आतल्या ॲल्युमिनियमचा खेळ असता, तर जाडी निम्मी झाल्यावर तळाचा अडथळा दुप्पट व्हायला हवा होता.

खडा पुन्हा हेलियमच्या थंडीत उतरला. मधल्या तापमानाला अडथळा दुप्पट झाला, कारण तिथं वीज खड्याच्या पोटातून जात होती. तळाचा आकडा मात्र होता तिथंच. तिथं वीज खड्याच्या अंगावरून जात होती, आणि नव्या, स्वच्छ अंगावरूनही तितकीच. दरीतल्या त्या जागा घाणीच्या नव्हत्या. खड्याच्या स्वतःच्या होत्या. मोठ्या प्रयोगशाळांनी असं आधी पाहिलं होतं. पण आपल्या हातानं वाढवलेल्या, आपल्या हातानं घासलेल्या खड्यात पाहणं वेगळं. संजीवनी मॅडमनी आलेख दोनदा बघितला आणि विचारलं, "घासायला कुठं शिकलीस गं?"

"निमगावात. मोटारीच्या दुकानात."

संध्याकाळी दुकानात फोन वाजला.

"अब्बा, घासला. आकडा हलला न्हाय."

"दोनदा मोजलंस?"

"तीनदा."

समोर सद्दाम तांबडा ब्रश हातात घेऊन मोटारीपाशी थांबलेला.

"मग लाव की ठिपका," इस्माईलभाई फोनात म्हणाले. "कुणाची वाट बघतीस?"

पुण्याच्या त्या प्रयोगशाळेतल्या कपाटात सगळ्या डब्यांवर छापील चिठ्ठ्या आहेत. एका डबीवर चिठ्ठीशेजारी तांबड्या ऑइलपेंटचा ठिपका आहे.