आधी परतीचं

कुणाच्याही घरी गेले की ते आधी वाकायचे. नमस्काराला नव्हे. चपला काढायच्या, उचलून उलट फिरवायच्या आणि तोंड रस्त्याकडे करून ठेवायच्या. मग शेजारी पडलेल्या आमच्या चपलाही तशाच वळवायच्या. "निघताना शोधाशोध नको," असं म्हणून मगच आत यायचे. यजमानाला हे कसं वाटतं याची फिकीर त्यांनी कधी केली नाही. अजून पाण्याचा पेला पुढे आला नाही आणि पाहुणा निघायच्या तयारीत, हे बघून पुष्कळ बायका मनातून दुखावल्या असतील.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. आमच्याकडचे हे गृहस्थ एसटीत वाहतूक नियंत्रक होते. गाड्या सोडण्यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर घरी बसून गंज चढायला लागला, तसे ते पंचवटीतल्या माझ्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात येऊन बसायला लागले. आधी पेपर वाचायला, मग गिऱ्हाइकांशी बोलायला आणि नंतर मलाच सूचना करायला. सगळी गल्ली त्यांना कंट्रोलर म्हणायची, मीही तेच म्हणायचो. ते मला मालक म्हणायचे, आणि ते ज्या सुरात म्हणायचे त्यावरून ऑफिसचा मालक कोण हे कुणालाही कळत असे.

गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "आधी परतीचं बोला."

एकदा सुरतेचं एक कुटुंब आलं. त्यांना काळाराम, त्र्यंबकेश्वर, अंजनेरी आणि जमलंच तर एखादा द्राक्षमळा, सगळं एका दिवसात हवं होतं. मी उत्साहाने सांगायला लागलो तर कंट्रोलर मध्येच म्हणाले, "तुमची गाडी किती वाजता?"

"काका, ते नंतर बघू. आधी काय काय दाखवणार ते सांगा."

"गाडी चुकली तर आम्ही जे दाखवू ते सगळं विसराल. फक्त गाडी चुकली एवढं लक्षात राहील."

मग कागद उलटा धरल्यासारखा त्यांचा हिशेब सुरू व्हायचा. गाडी सुटण्यापासून मागे यायचं. स्टेशनवर पोचणं, त्याआधी जेवण, त्याआधी दर्शनाची रांग. मधे मधे चहासाठी जागा सोडायची आणि कोंडीसाठी त्याहून जास्त. असं मागे येत येत सकाळ गाठायची. सकाळपर्यंत आलं तर म्हणायचे, "बसतं." नाही आलं तर, "बसत नाही." त्यावर अपील नसे. त्यांनी आखलेल्या सहलीत कुणाची गाडी चुकली नाही हे खरं, पण नाशिकरोडच्या बाकड्यावर कंटाळून बसलेल्या आणि आम्हाला शिव्या घालणाऱ्या प्रवाशांचीही कमी नव्हती.

लग्नात गेले तरी अक्षता पडायच्या आत पंगत कधी ते विचारून घ्यायचे. आणि कुठेही गप्पा रंगात आल्या की मांडीवर थाप मारून उठायचे. "चला, वेळ झाली." मला या तीन शब्दांचा राग यायचा. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, त्याहून जास्त. काकू निफाडकडच्या, शेतकऱ्याघरच्या. माहेरी गेल्या की त्यांच्या गप्पांना कुठे जोर चढतोय तोवर दारातून हे शब्द यायचे. "ह्यांच्यामुळं माझी एक बी गोष्ट पुरी झाली नाय," असं त्या मला नेहमी सांगायच्या, आणि ती गोष्टही मधेच तुटायची.

त्यांची एकुलती एक मुलगी अश्विनी. हॉटेल मॅनेजमेंट करून परदेशी क्रूझवर लागली, तिथल्या बेकरीत. एकदा गेली की कितीतरी महिने घरी येणं नाही. त्या वर्षी ती जहाजावर असतानाच काकू मोरीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. अश्विनीला सुट्टी मिळाली नाही. ती रोज फोनवर आईचा पाय बघायची आणि काकू रोज तिला तोच पाय दाखवायच्या.

मग एके दिवशी कंट्रोलर ऑफिसात आले, खुर्चीवर बसले आणि त्यांनी पेपरची घडी उघडून पुन्हा घातली. शेवटी म्हणाले, "मालक, अश्विनीचं जहाज मुंबईला लागतंय. एका दिवसासाठी. सकाळी येणार, संध्याकाळी जाणार. तिला मधे उतरायला परवानगी मिळेल."

"मग घेऊन येऊ की घरी."

"तेच तर बघायचंय." आणि त्यांनी नेहमीसारखं मागून मोजायला सुरुवात केली.

या खेपेला त्यांचं मोजणं संपेना. समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा तेव्हा उघडला नव्हता. मुंबईतून निघायचं तर भिवंडी, आसनगाव, कसारा घाट, सगळीकडे कोंडीची भीती. आणि जहाज कुणासाठी थांबत नाही. पोरगी वेळेत चढली नाही तर नोकरी गेली. इकडे काकूंना उठून बसायची मुभा होती, पण गाडीत बसून घाट उतरायची नव्हती. म्हणजे भेट व्हायची तर घरीच. ते बोटांवर मोजत बसायचे, पुन्हा पहिल्यापासून धरायचे. एकदा बसायचं, एकदा बसायचं नाही.

"रंगीत तालीम करू," शेवटी ते म्हणाले.

आमची एक गाडी मुंबईला विमानतळावर पाहुणे सोडायला जाणार होती, तिच्यात आम्ही दोघे बसलो. परत येताना बंदराच्या फाटकासमोर गाडी उभी केली, त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "आता तू अश्विनी." वाटेत मला चहासाठी थांबू दिलं नाही, कारण अश्विनी थांबणार नव्हती.

घरी पोचलो. त्यांनी स्वतःच्या दाराची बेल वाजवली. मला पुढे केलं. काकू पायाखाली उशी घेऊन दिवाणावर बसल्या होत्या. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, "जहाजावर लय खायला देतात वाटतं. केवढी जाड झाली पोरगी."

"वेळ घालवू नका," कंट्रोलर म्हणाले. "पाया पड. आता बस. आता आईशी बोल."

मी काकूंशी बोललो. शेजारच्या वहिनींनी चहा आणला. काकूंनी मला विचारलं की जहाजावर थंडी वाजते का, आणि मी नाही म्हणालो. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण हे खरंच विचारतोय, आणि त्या पदराने डोळे टिपत हसायला लागल्या.

"चला, वेळ झाली," कंट्रोलर म्हणाले.

"अहो, जेवण?"

"जेवण बसत नाही."

काकूंचं हसू गेलं. "पोरगी एवढ्या महिन्यांनी घरी येणार आन् उपाशी जाणार? पुरणपोळी मी घालनारच."

"डबा दे."

"डबा नाय. ताटात. माझ्यासमोर."

मग माझ्यादेखत नवरा-बायकोची घासाघीस झाली. काकू तीन पोळ्यांवर होत्या, कंट्रोलर शून्यावर. शेवटी एका पोळीवर तडजोड झाली. पुरण आधी शिजवलेलं हवं, वहिनींनी पोळी तव्यावर टाकायची ती आमची गाडी द्वारका चौकात आल्याचा फोन आल्यावर, तूप आधीच पातळ केलेलं. गप्पा खाता खाता. कंट्रोलरनी तेवढा वेळ कोंडीच्या खात्यातून काढून दिला. आयुष्यात त्यांनी कोंडीच्या खात्याला हात लावलेला मी तेव्हाच पाहिला.

ठरलेल्या दिवशी मी गाडी घेऊन बंदराच्या फाटकावर उभा होतो. जहाज आलंच नाही. म्हणजे आलं होतं, पण धक्क्यावर जागा नव्हती म्हणून बाहेर समुद्रात थांबून होतं. मी पंचवटीत फोन करत राहिलो आणि पलीकडून ते नुसतं "हं" म्हणत राहिले. ऊन वर आल्यावर अश्विनी फाटकातून धावत बाहेर आली. अंगावर जहाजाचा टी-शर्ट, हातात आईसाठी पिशवी. परतीची वेळ मात्र तीच होती.

तिनेच बाबांना फोन लावला. स्पीकरवर टाकला. तिकडून नुसतं पुटपुटणं ऐकू येत होतं. ते मागून मोजत होते, आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

"पोरी, बसत नाही. येऊ नकोस."

"बाबा, मी बसणार पण नाही. दारात उभी राहीन. आईला बघेन आणि निघेन."

"तू दारात उभी राहशील आणि तिकडे जहाज जाईल." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

अश्विनी गाडीत येऊन बसली. रडली नाही. पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळत राहिली. मला कंट्रोलरचा इतका राग आला की काय सांगू. माणसाने किती घड्याळाचं असावं? मी तिला म्हणालो, कुठेतरी चहा घेऊ. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मालक, शहापूरपर्यंत बसतं. हायवेवर आपल्या गाड्या थांबतात त्या ढाब्यावर थांबा. त्याच्या पुढे एक पाऊल टाकू नका."

कोण येणार, कसं येणार, मी विचारलं नाही. त्यांचा आवाज विचारण्यासारखा नव्हता.

आम्ही ढाब्यावर पोचलो आणि रस्त्याकडे डोळे लावून बसलो. थोड्या वेळाने नाशिककडून एक ॲम्ब्युलन्स आली, वेग कमी केला आणि आमच्यासमोर येऊन थांबली. पुढच्या सीटवरून कंट्रोलर उतरले. मागचं दार उघडलं तर आत स्ट्रेचरवर काकू आडव्या, आणि पोटावर दोन्ही हातांनी धरलेला स्टीलचा डबा. आडवं झोपवून नेलं तर चालेल का, असं डॉक्टरांना फोनवर विचारलं होतं म्हणे. डॉक्टर काय म्हणाले ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

अश्विनी आत चढली. काकूंनी तिचा चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "आधी खा."

ॲम्ब्युलन्स बघून ढाब्यावरची माणसं गोळा झाली. एकाने कंट्रोलरना हळू आवाजात विचारलं, "सिरियस आहे का?"

"नाही," ते म्हणाले. "पोळी चाललीय."

आत काकू झोपल्या झोपल्या घास करून लेकीच्या तोंडात देत होत्या. तूप स्ट्रेचरच्या चादरीवर सांडत होतं. एक पोळी झाली. ठरलं होतं तेवढं झालं होतं. काकूंनी दुसरी काढली आणि दाराकडे बघितलं. कंट्रोलर घड्याळ हातात धरून उभे होते, त्यांनी मान दुसरीकडे फिरवली. तिसरी काढली तेव्हाही ते रस्त्यावरचे ट्रकच बघत होते.

मग त्यांनी ते तीन शब्द म्हटले. ॲम्ब्युलन्सच्या टायरकडे बघून म्हटले, आणि इतके हळू की अश्विनीला पुन्हा विचारावं लागलं. ती उतरली, बाबांच्या पाया पडली. "जेवण वेळेवर घेत जा," ते म्हणाले. एवढंच. मी गाडी सुरू केली.

ती वेळेत चढली. कोंडीसाठी राखलेला थोडा वेळ उरलासुद्धा. फाटकातून आत जाताना तिने पिशवी माझ्या हातात दिली, आईला द्यायची विसरली होती.

दिवस मावळताना मी परत शहापूरला आलो, तर त्याच ढाब्यासमोर खाटेवर काकू झोपलेल्या आणि त्यांच्या पायथ्याशी कंट्रोलर बसलेले. डब्याच्या झाकणाने त्यांना वारा घालत होते. ॲम्ब्युलन्सचा पत्ता नव्हता. मग कळलं ते असं, की ती गाडी नाशिकचा एक पेशंट आणायला मुंबईला निघाली होती. कंट्रोलरनी ड्रायव्हरचे हात धरले, त्याने वाटेवर सोडायचं कबूल केलं. येताना आत पेशंट असणार, यांना जागा कुठली?

"मग परतीचं काय ठरवलं होतं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खरोखर त्यांना तेव्हाच सुचलं असावं. "अरे," ते म्हणाले, "ते राहिलंच की."

काकू खाटेवरून म्हणाल्या, "जन्मभर लोकांना इचारत आले. आज सोताचं इसरले." आणि मग दोघं हसायला लागले, इतकं की ढाबेवाला बघायला बाहेर आला. खाटेखाली त्यांच्या चपला होत्या, एक इकडे आणि एक तिकडे. सकाळपासून माझ्या मनात त्यांचा जो राग होता तो तिथेच गेला. मी मधली सीट आडवी केली, काकूंना उचलून ठेवलं आणि घाट अगदी हळू चढवला. वाटेत कंट्रोलरनी एकदाही घड्याळ बघितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. अश्विनी तेव्हा कुठल्यातरी लांबच्या समुद्रात होती, तिला येता आलं नाही. ऑफिसात आता मी एकटाच असतो. गिऱ्हाइकाला आधी परतीचं विचारतो, पण त्यांच्यासारखा दरारा नाही, लोक ऐकत नाहीत.

परवा तिचं जहाज पुन्हा मुंबईला लागलं. या वेळी धक्का लगेच मिळाला, समृद्धीचा रस्ताही पुरता खुला झालाय, घाट बोगद्यातून संपला. आम्ही घरी पोचलो तेव्हा हातात भरपूर वेळ होता. काकू आता काठी घेऊन हिंडतात. त्यांनी स्वतः पोळ्या लाटल्या, लेकीला पाटावर बसवलं आणि हवं तेवढं वाढलं. किती खाल्ल्या ते कुणी मोजलं नाही. निफाडच्या आत्याबाईंच्या भांडणाची गोष्ट काकूंनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. मधेच उठून काठी टेकत बाहेरच्या खोलीत गेल्या, आल्या आणि पुन्हा सांगू लागल्या.

गोष्ट संपली. मी घड्याळ बघितलं. अश्विनीनेही बघितलं. आम्ही दोघे बसून राहिलो.

"अरे, म्हणा की कोणीतरी," काकू म्हणाल्या.

मला म्हणवेना. अश्विनी तर खालीच बघत होती. शेवटी कुणी काही न म्हणताच ती उठली, हात धुतले, आईला घट्ट धरलं आणि दाराशी आली. उंबऱ्याबाहेर तिचे बूट आणि माझ्या चपला शेजारी शेजारी होत्या, तोंड रस्त्याकडे करून नीट ठेवलेल्या. अश्विनीने वळून आईकडे बघितलं. काकू काठीने पायपुसणं सरळ करत होत्या.