वाऱ्याकडे पाठ

आमच्या टूवूंबा गावाचा घाट उतरून आम्ही ब्रिस्बेनच्या विमानतळाकडे निघालो तेव्हा गाडीत चौघं होतो: मी, माझा नवरा सुहास, दहा महिन्यांची मुक्ता आणि आई. परत येताना तिघंच असणार होतो. सुहासला विद्यापीठातर्फे कोपनहेगनला एका परिषदेला जायचं होतं आणि आईचा ऑस्ट्रेलियाचा व्हिसाही त्याच सुमारास संपत होता. आईनेही आमच्यासोबत डेन्मार्कची राजधानी पाहावी, असं ठरलं. येताना दोह्याला विमान बदललं, की ती मुंबईला आणि आम्ही घरी.

निलंग्याजवळच्या खेड्यात आईने जन्मभर दुसऱ्यांच्या रानात खुरपणी केली. त्या खुरप्यावर मी कॉलेजात गेले, आमच्या घरातली पहिली. आज इथल्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मला नोकरी आहे. अशा आईला युरोप दाखवायला मिळतोय, याचं समाधान शब्दांत सांगता येत नाही. पण मनात एक सल होता. परतल्यावर माझी रजा संपणार होती आणि मुक्ताला चाइल्डकेअरमध्ये (पाळणाघरात) ठेवायचं होतं. हे सांगितल्यापासून आई त्या विषयावर चकार शब्द बोलली नव्हती. तिने एकदा 'ठेव' म्हणावं, एवढंच मला हवं होतं.

कोपनहेगनला उतरलो तर स्वच्छ ऊन आणि अंगातून आरपार जाणारा वारा. रस्त्यावर जिकडेतिकडे सायकली. सुटाबुटातले साहेब सायकलवर, पुढच्या पेटीत दोन-दोन मुलं बसवलेल्या आयाही सायकलवर. आमच्या टूवूंबात गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही, त्यामुळे आईला नवल वाटलं.

"ह्यांच्याकडं मोटारीपुरते पैसे नाहीत का काय?"

"आई, आपल्यापेक्षा जास्त आहेत," सुहास म्हणाला.

"मग शाणी माणसं हायेत."

पहिल्या दिवशी न्यूहाउन (नवं बंदर) पाहिलं. कालव्याच्या कडेने पिवळी, तांबडी, निळी घरं एकमेकांना खेटून उभी होती आणि समोर जुन्या लाकडी होड्या डुलत होत्या. तिथंच स्मोरब्रोद खाल्लं, म्हणजे राय नावाच्या धान्याच्या काळ्या पावाच्या एकाच कापावर रचलेले पदार्थ. आईसाठी उकडलेल्या बटाट्याच्या चकत्यांचं मागवलं. एक घास घेऊन तिने पिशवीतून जवसाच्या चटणीची पुडी काढली आणि त्यावर भुरभुरली. "आता लागलं," ती म्हणाली. आम्हीही हात पुढे केले.

मग जलपरीचा प्रसिद्ध पुतळा. मी मोठ्या अपेक्षेने गेले होते. पाण्याकाठच्या दगडावर बसलेली ती छोटीशी मूर्ती आणि तिच्याभोवती फोटो काढणाऱ्यांची ही गर्दी!

"झाली का बघून परी?" सुहासने आईला चिडवलं.

"काय बघायचं? पोरगी काकडून गेलीय. सगळे फोटो काढायले, पांघरूण कुणी देईना."

दुसऱ्या दिवशी सुहास परिषदेला गेला आणि आम्ही तिघी मायलेकी रुंदेतोर्न (गोल मनोरा) पाहायला निघालो. आईचे गुडघे दुखतात, म्हणून मला धाकधूक होती. पण या मनोऱ्याला आत पायऱ्याच नाहीत, गोल गोल चढत जाणारा विटांचा रस्ता आहे. अगदी टोकाला तेवढ्या थोड्या पायऱ्या. आई भिंतीला हात लावत, थांबत थांबत चढली. "बांधणाऱ्याची सासू म्हातारी असंल," तिने निष्कर्ष काढला. वरून तांबड्या कौलांचं शहर आणि पलीकडे चमकणारा समुद्र दिसला. मुक्ताला कडेवर घेऊन आई कितीतरी वेळ नुसती बघत राहिली.

खाली उतरून कॉफीसाठी एका गल्लीत शिरलो आणि आई जागीच थांबली. कॅफेच्या बाहेर, भिंतीला लागून, एक मोठी काळी बार्नवोन (बाबागाडी) उभी होती. आत गुलाबी गालांचं बाळ गाढ झोपलेलं. आसपास चिटपाखरू नाही.

"अगं वंदे, लेकरू टाकून कुठं गेली ही बया?"

मी काचेतून आत डोकावले. चार-पाच जणी निवांत कॉफी पीत होत्या. "आई, इथं अशीच पद्धत आहे. चल आत, गारठशील."

"तू जा. मी थांबते."

आई गाडीशेजारी राखणीला उभी राहिली. मुक्ता माझ्या कडेवर, कॉफीचा पत्ता नाही, आणि येणारेजाणारे आमच्याकडे बघत होते. तेवढ्यात बाळ कुरकुरलं. मी "हात लावू नकोस, पोलीस बोलावतील" म्हणेपर्यंत आईने दांडी धरून गाडी हलवायला सुरुवातही केली होती. "ओ ओ ओ, नाही नाही बाळा."

दार उघडून एक उंच बाई लगबगीने बाहेर आली. तिच्या हातातल्या, बाळाचा आवाज आत ऐकवणाऱ्या छोट्या यंत्रातून 'ओ ओ ओ' ऐकू येत होतं! मी इंग्रजीत माफी मागू लागले, तर ती हसायलाच लागली.

"माझी आजी पण अशीच गाडी हलवायची," ती म्हणाली. "आम्ही सगळे बाहेरच झोपून मोठे झालो. मोकळ्या हवेत बाळं छान झोपतात."

मी आईला ते मराठीत सांगितलं. आईला पटलं नाही. "तिला विचार, मुंग्या नाहीत का इथं?"

"मुंग्या?" बाई गोंधळली. "नाही. पण मांजर येतं कधी कधी. म्हणून आम्ही जाळी लावतो."

आईने जाळी बोटांनी चाचपली. पांघरुणाच्या कडा पाहिल्या. मग वारा कुठून येतो ते अजमावायला तळवा उघडून हवेत धरला आणि गाडीच्या टपाकडे पाहिलं. तिचा चेहरा सैल झाला.

"वाऱ्याकडं पाठ करून ठेवलीय," ती म्हणाली. "टाकून नाही गेली. ठेवून गेली."

मग आम्ही आत जाऊन बसलो. गरम पेला दोन्ही हातांत धरून आई बोलू लागली. "तुला बी मी बाहेरच निजवायची. रानात कडूलिंबाला लुगड्याची झोळी बांधायची. आधी बुंध्याला मुंग्या बघायच्या, मग वारं कुठनं येतं ते बघायचं, मग फांदी धरायची. खुरपता खुरपता कान तुझ्याकडं. बाया म्हणायच्या, लेकरू झाडाला टांगून चालली. मला वाटायचं, आपण गरीब म्हणून आपलं लेकरू बाहेर." ती काचेपलीकडच्या गाडीकडे बघून हसली. "अन् ही तर कॉफी प्यायला ठेवती!"

झोळीची ही गोष्ट मला तिने आजवर कधी सांगितली नव्हती. मी टेबलावरून तिचा हात धरला. पाळणाघराचं काही ती बोलली नाही.

दोह्याला तिला मुंबईच्या विमानाकडे सोडताना मुक्ताने तिचा पदर घट्ट धरला होता. आईने एकेक बोट हळूच सोडवलं आणि मागे न बघता गेली.

टूवूंबात परतल्यावर मुक्ताला घेऊन पाळणाघर पाहायला गेले. निजायची खोली, दार, खिडक्या बघत उभी राहिले. "काही शोधताय का?" तिथल्या बाईंनी विचारलं. वारा कुठून येतो, असं मी म्हणाले तेव्हा त्या हसल्या नाहीत. "नो वरीज," म्हणत त्यांनी मला खिडकी उघडून दाखवली.

कोपनहेगनचे राजवाडे, कालवे, रंगीत घरं सारं सुंदर होतं, आणि ते पाहायला मिळालं याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण मी जगाच्या दुसऱ्या टोकाला गेले आणि पाहून आले ते निलंग्याजवळचं एक लिंबाचं झाड.

पाळणाघर पाहून आले त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. मुक्ता रडली का, काय खाल्लं, असलं तिने काही विचारलं नाही.

"निजवतात तिथं वारं कुठनं येतं?"

"पश्चिमेकडून. तिची गादी पश्चिमेच्या भिंतीच्या आडोशाला असेल."

"अन् मुंग्या?"

"नाहीत. बघितल्या मी."

"मग ठेव," आई म्हणाली. "अन् कामाला जा."