माझं रजिस्टर, हिंमतची वही

हिंमत गेल्याचा फोन आला तेव्हा मी सूतगिरणीच्या भांडारात बेअरिंगांची मोजणी करत होतो. चौसष्टपर्यंत आलो होतो. फोन त्याच्या दुकानाशेजारच्या रसवंतीवाल्याचा. "नाना, हिंमतभाऊ गया…" एवढंच तो बोलू शकला. दुकानातल्या स्टुलावर बसल्याबसल्याच झटका आला होता. पुढ्यात कोणाच्या तरी पंपाची मोटार, अर्धी वाइंडिंग झालेली. मी कागदावर चौसष्ट लिहिलं, खाली रेघ मारली, कुलूप लावलं आणि निघालो. ती रेघ मारायला आपण थांबलो याची नंतर लाज वाटली. पण हिंमतला नसती वाटली. तो हसला असता. मला तो नावाने कधी हाक मारत नसे, 'रजिस्टर' म्हणायचा.

शहाद्यात त्याचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. ब्राह्मणपुरीपासून म्हसावदपर्यंतच्या केळी-पपईवाल्यांचे जळालेले पंप त्याच्याकडे यायचे आणि तो नुसत्या वासावरून कोणती कॉइल गेली ते सांगायचा. तांब्याची तार आणायला तो सुरतेला जात असे. नऊ वर्षांपूर्वी तिथून तो तारेबरोबर हातभर लांबीची एक रिमोटची गाडी घेऊन आला. मला वाटलं, नातवासाठी खेळणं असेल. "खेळनं नही शे रे. शर्यतनी गाडी शे. आत मोटार शे, मोटार!" त्याचे डोळे असे चमकत होते, की वर्षभरात आम्ही सहा जण त्या नादाला लागलो. मार्चनंतर बंद पडणारं कापसाच्या जिनिंगचं आवार मी मालकाशी बोलून रविवारच्या सकाळसाठी मिळवलं. सिमेंटच्या त्या फरशीवर ठिबकच्या जुन्या नळ्या वळवून आम्ही मार्ग आखायचो. नळ्या कोण आणणार, चार्जिंगची वायर कोण ओढणार, कोणाची पाळी कधी… याद्या अर्थातच माझ्याकडे. उन्हं चढायच्या आत, साडेनऊपर्यंत, सगळं आटपायचं.

नियम एकच पक्का होता. कंपनीतून आली तशीच मोटार चालवायची, तिचा पत्र्याचा डबा उघडायचा नाही. मोटारी सारख्या असतील तर जिंकेल तो हात जिंकेल, गाडी नाही. आयुष्यभर मोटारी उघडणाऱ्या हिंमतनेच हा नियम घातला आणि तो त्याने शेवटपर्यंत पाळला. हे मी मुद्दाम लिहितोय. त्याने एकही डबा कधी उघडला नाही.

पण नवी मोटार थेट पळवता येत नाही. आतले कार्बन, म्हणजे वीज पोचवणारे दोन छोटे ठोकळे, सपाट असतात. ज्या गोल तांब्यावर ते घासतात त्याचा आकार त्यांना हळूहळू यावा लागतो. त्याआधी पूर्ण वीज दिली तर ठिणग्या उडून तांबं भाजतं आणि मोटार कायमची मंदावते. "नवी मोटार म्हंजे नवा बैल शे, पहिलाच दिन नांगरले जुपू नको," हिंमत म्हणायचा. दरवर्षी मार्चअखेर सगळ्यांच्या मोटारी त्याच्या दुकानात एकत्र रुळवायच्या, असा आमचा रिवाज झाला. लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी, तिच्यात बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी. त्यात मोटार बुडवून टॉर्चच्या दोन सेलवर मंद फिरवायची. पाण्यात कार्बन लवकर झिजतो आणि निघालेली पूड वाहून जाते. मी घड्याळ धरून बसायचो, प्रत्येकीला तीन मिनिटं, प्रत्येकीला नवं पाणी. हिंमत घड्याळाकडे पाहायचा नाही, बरणीकडे पाहायचा. स्वच्छ पाण्यात आधी धुरासारखी एक रेघ उठायची, मग पाणी राखाडी होत होत काळं व्हायचं. "कार्बन बसना का नही, ते पानी सांगस. तुन्हं घड्याळ नही." मग हवा मारून, उन्हात वर्तमानपत्रावर वाळवून, दोन्ही टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब.

नंतरचं काम मोजणीचं. ठरावीक व्होल्टवर मोटार फिरवायची, एका मिनिटात फेरे किती आणि करंट किती खाते ते पाहायचं. कंपनीच्या मोटारी दिसायला जुळ्या असल्या तरी सारख्या नसतात. एखादी आपसूक चपळ निघते, एखादी सुस्त. मीटर हिंमतच्या टेबलावर, त्याच्याकडे तोंड करून. मी पाठीमागे रजिस्टर घेऊन. तो आकडा ओरडायचा, मी लिहायचो. "लिख रे रजिस्टर, अकरा हजार वीस!" पुढची, "दहा हजार नऊशे ऐंशी!" फार फरकाची निघाली तर बाजूला ठेवायची. बाकीच्या सारख्या मानून वाटायच्या. पहिल्या वर्षी वाटणीसाठी चिठ्ठ्या टाकल्या. दुसऱ्या वर्षी मीच म्हटलं, आकडे सारखेच आहेत तर चिठ्ठ्यांत वेळ कशाला घालवायचा? हिंमत हातात येईल ती देत जाईल. आणि मीटर मी कधी पाहिलं नाही, कारण एक काम दोघांनी करायचं नाही हाही माझाच नियम. भांडारात तो चांगला चालतो.

पहिल्या वर्षी मी शेवटचा आलो होतो. दुसऱ्या वर्षापासून जिंकू लागलो. आठांपैकी सात वर्षं. एकदाच हरलो, गिअरचे दाते घासले म्हणून. का जिंकतो, असं कोणी विचारलं की माझं उत्तर तयार असे. बॅटरी किती चार्ज, टायर कधी बदलले, कोणत्या वळणाला किती वेग… सगळं मी लिहून ठेवतो. एका बक्षीस समारंभात मी यावर दहा मिनिटं बोललो होतो. हिंमत पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होता. त्याची स्वतःची गाडी नेहमी चौथी-पाचवी. "मन्हा हातच जड शेतस," म्हणायचा.

आमच्यात रायसिंग पावरा होता. धडगावकडचा, म्हसावदला वीज खात्यात वायरमन. आम्ही आपसात अहिराणी बोलायचो, तो शाळेतल्या शुद्ध मराठीत आमची टिंगल करायचा. त्याच्यासारखी गाडी कोणाला चालवता येत नसे. वळणावर तो नळीपासून बोटभर अंतर ठेवून जायचा, दर फेरीला तेच बोट. तरी सरळ रस्त्यावर माझी गाडी त्याला मागे टाकायची. तीन वर्षांपूर्वी शर्यत संपल्यावर तो माझ्या टेबलाशी आला. "नाना, तुमची मोटार गाते, माझी खोकते. पुढच्या रविवारी अदलाबदल करू. तुमची मला, माझी तुम्हाला. एकच फेरी."

मी रजिस्टर उघडून त्याच्यासमोर सरकवलं. त्याची अकरा हजार दहा, माझी अकरा हजार तीस. "वीस फेऱ्यांच्या फरकाने मोटार खोकत नाही, रायसिंग. रजिस्टरवर शंका म्हणजे माझ्यावर शंका."

"मग कानांवर घेतो शंका," तो हसून म्हणाला, पण हसू टिकलं नाही. हिंमत शेजारी उकिडवा बसून नळ्या गुंडाळत होता. "ऱ्हाऊ द्या रे भो, चहा थंडा व्हई ऱ्हायना," एवढंच तो म्हणाला. मान वर केली नाही. रायसिंगने तिथेच गाडीतून मोटार काढली, माझ्या टेबलावर ठेवली आणि गेला. परत आला नाही. त्याच्या मोटारीला मी चिठ्ठी चिकटवून, वर्ष लिहून, घरच्या कपाटात ठेवली. आणि सभासदांच्या यादीत त्याच्या नावापुढे लिहिलं, 'स्वेच्छेने बंद'.

दिवसकार्य, गंधमुक्ती आटपल्यानंतर चार दिवसांनी हिंमतच्या बायकोचा, मंगलावहिनींचा निरोप आला. "भाऊ, दुकानात काय काय शे, तुम्हीच यादी करी द्या. दुसरं कोन करी?" मी दोन शनिवार बसलो. तारांची रिळं, पक्कड, वार्निशचे डबे, ग्राहकांच्या अकरा मोटारी. टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये इन्सुलेशनच्या कागदांखाली शाळेची शंभरपानी वही होती. मला वाटलं, वहिनींच्या किराणा सामानाची असेल. कारण हिंमत लिहीत नसे. "माले लिखानं जमत नही, तू लिख," हे नऊ वर्षं ऐकलेलं. सही सोडून त्याचं अक्षर मी पाहिलेलं नव्हतं… बारीक, देखणं, एका रेषेत. माझ्यापेक्षा चांगलं.

दर वर्षाला एक पान. मोटारींचे आकडे आणि पुढे नावं. आकडे माझ्या रजिस्टरातले नव्हते. अकरा हजार चारशे, दहा हजार पाचशे, दहा हजार आठशे… खरे आकडे, असे एकमेकांपासून लांब. सर्वांत वरच्या आकड्यापुढे, दुसऱ्या वर्षापासून प्रत्येक पानावर, 'रजिस्टर'. खालून पहिल्या किंवा दुसऱ्या आकड्यापुढे 'मी'. रायसिंगने मोटार टेबलावर ठेवली त्या वर्षीच्या पानावर सर्वांत खालचा आकडा रायसिंगचा होता आणि शेजारी लिहिलं होतं, 'गाडी भारी चालाडस. त्याले हाई.' चालवतो चांगली, म्हणून त्याला ही सुस्त मोटार. आणि पहिल्या वर्षाच्या पानाखाली, पेन्सिलीने, 'रजिस्टर हारना ते पुढला साल येणार नही. तो नही ते काहीच नही.'

मी तेवढ्यावर विश्वास ठेवला नाही. मीटर माझ्याकडे वळवलं. कपाटातून रायसिंगची ती मोटार आणली, त्याच वर्षीची माझीही आणली. दोन्हींवर माझ्याच अक्षरातल्या चिठ्ठ्या. तीन-तीनदा फिरवल्या. माझी पूर्ण हंगाम पळालेली, तरी साडेआठशे फेऱ्यांनी पुढे. मी रजिस्टर शेजारी उघडून ठेवलं होतं. त्यातला एक आकडासुद्धा खरा नव्हता, आणि प्रत्येक पानाखाली माझी सही होती.

लोक म्हणतील, मित्राने तुला जिंकवलं, यात राग कसला? मी आठवडाभर हे मनाला विचारलं. राग जिंकवल्याचा नाही. नऊ वर्षं दर मार्चला तो माझ्याकडे पाठ करून बसला आणि शांतपणे खोटं ओरडत राहिला. मी त्या खोट्याखाली रेघा आखत राहिलो. माझं टेबल तो स्वतः उचलून आवारात आणायचा, मी येताना दिसलो की "रजिस्टर उना, पहिलं टेबल मांडा, मंग गाड्या," म्हणायचा. तेव्हा मला तो मान वाटायचा. ती काळजी होती, मी रुसून जाऊ नये म्हणून. माझा स्वभाव त्याने पहिल्याच वर्षी मोजून वहीत टाकला होता आणि तो आकडा मला कधी ओरडून सांगितला नाही. त्यापायी एका चांगल्या माणसाला आम्ही घालवलं. घालवताना शब्द माझे होते, गप्प तो होता.

मी म्हसावदला गेलो. बरोबर वही आणि ती मोटार. रायसिंग अंगणात शिडी दुरुस्त करत होता. त्याने पानं शांतपणे पाहिली, स्वतःच्या नावावर बोट ठेवलं. मग मोटार हातात घेऊन दांडा चिमटीत फिरवला, कानाशी नेला.

"मला माहीत होतं, नाना."

"मग सांगायचं नाही का?"

"सांगितलं होतं. तुम्ही रजिस्टर दाखवलं."

मी माफी मागितली. मोटार खाली ठेवून त्याने शिडीची सैल पायरी ठोकून बसवली. मग म्हणाला, "वहीत त्यांनी लिहिलंय ते खरं आहे का? हरला असतात तर आला नसतात?"

पहिल्या वर्षी शेवटचा आल्यावर मी हिंमतला म्हणालो होतो, रजिस्टर आता दुसऱ्या कोणाला दे… ते मी विसरलो होतो. तो विसरला नव्हता.

या हंगामाच्या मोटारी हिंमतने सुरतेहून आधीच आणून ठेवल्या होत्या. आम्ही त्या त्याच्याच दुकानात रुळवल्या. रायसिंगही आला, बरणी त्यानेच धरली. काचेला आतून काळी कड धरली आहे, घासली तरी जात नाही. मीटर सगळ्यांना दिसेल असं भिंतीला टेकवून ठेवलं. आकडे वेगवेगळे आले, वेगवेगळेच लिहिले. चिठ्ठ्या टाकल्या. मला आली ती खालून दुसरी. रविवारी जिनिंगच्या आवारात रायसिंग जिंकला, नळीपासून तेच बोटभर अंतर ठेवून. मी पाचवा आलो. वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं. घरी येऊन गाडी खोक्यात घातली, खोकं माळ्यावर टाकलं. पुढच्या रविवारी गिरणीत काम आहे असं सांगायचं, हे मनात पक्कंही केलं.

हिंमतवरचा राग गेलेला नाही. जाईल असं वाटतही नाही. विचारायचं कोणाला, भांडायचं कोणाशी… एवढं मोठं खोटं बोलून माणूस स्टुलावर बसल्याबसल्या निघून गेला.

दुसऱ्या रविवारी सहाच्या आधी मी आवारात होतो. टेबल स्वतः आणलं, नळ्या अंथरल्या. त्या दिवशीही हरलो. परतताना दुकानाची किल्ली वहिनींकडून मागून घेतली. वही परत ठेवली होती तो खालचा ड्रॉवर उघडला. दुकानाच्या यादीत या वहीची नोंद मी केलेली नाही. पहिल्या वर्षाचं पान काढलं आणि पेन्सिलीतल्या त्या ओळीखाली, माझ्या हाताने, त्याच्या बोलीत लिहिलं.

'हारना. उना.'

खाली रेघ मारली नाही.