न्यायाधीश बाई आहेत म्हणून

आमच्या खटल्याच्या न्यायाधीश बदलल्याचं वकिलांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये नववीचे मराठीचे पेपर तपासत होते.

"बाई आल्या आहेत," ते म्हणाले. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आडनावावरून तर तुमच्या सासरच्याच समाजाच्या दिसतात, मॅडम."

माझं लग्न जातीबाहेर झालेलं. मी पेन खाली ठेवलं. उरलेले पेपर त्या दिवशी मी फार सढळ हातानं तपासले.

खटला माझ्या धाकट्या भावावर होता. वडील गेल्यावर महिनाभरानं तो हुडकेश्वरला माझ्या घरी आला होता. "ताई, वारसांची नावं चढवाची आहेत. तुही एक सही लागते. उद्या चाल." दुसऱ्या दिवशी त्यानं मला नोंदणी कार्यालयात नेलं. आई शेजारीच बाकावर बसली होती. मी सही केली, अंगठा दिला, आणि तिघांनी बाहेर उसाचा रस घेतला. कागद हक्कसोडपत्राचा होता. उमरेड रस्त्याला लागून असलेल्या शेतातला माझा हिस्सा मी आपखुशीनं भावाला सोडला, असं त्यात लिहिलं होतं.

मला हे कळलं वर्षभरानं, सातबारा हातात आला तेव्हा. माझं नावच नव्हतं. भावाला विचारलं तर तो हसला. "वावर काय पळून चाललं का ताई? तुहंच आहे." मी ऐकून घेतलं, आणि पुढची सहा वर्षं ऐकतच राहिले. मग एक दिवस तिथून जाताना शेतात प्लॉटचे पांढरे दगड रोवलेले दिसले, तेव्हा मी शहरात सदर भागात जाऊन वकील गाठला.

बाई आल्याचं कळताच भाऊ घाबरला. त्याच्या वकिलानं अर्ज टाकला: खटला दुसऱ्या कोर्टात द्यावा, कारण न्यायाधीश स्त्री आहेत आणि बहिणीच्या सासरच्याच समाजाच्या आहेत, निःपक्ष निकालाची खात्री वाटत नाही. तो अर्ज वाचून माझं डोकं तडकलं. उत्तराचा मजकूर मी स्वतः लिहिला. न्याय देणारी व्यक्ती बाई आहे की पुरुष, तिची जात कोणती, याचा निकालाशी काही संबंध नसतो. पुरुष न्यायाधीशासमोर बायकांनी असा अर्ज केला तर किती खटले चालतील? वकील वाचून म्हणाले, "मॅडम, झकास." अर्ज फेटाळला गेला.

लिहिताना मला ते सगळं खरंच वाटत होतं. पण पहिल्या तारखेला मी कोर्टात गेले ती त्या बाईंचा चेहरा बघायलाच. साधारण माझ्याच वयाच्या होत्या. केस घाईत बांधलेले, चष्मा सारखा खाली घसरणारा. यांनाही माहेर असेल, मी मनात म्हटलं. यांनीही कुठे ना कुठे न विचारता सही केली असेल.

आई भावाकडून साक्षीला उभी राहिली. ती सक्करदऱ्याला त्याच्याच घरी राहते. वकिलांचे प्रश्न संपल्यावर बाईंनी स्वतः तिला विचारलं, "सही करायच्या आधी मुलीला कोणी सांगितलं होतं का, की तिचा हिस्सा जाणार आहे म्हणून?"

आईनं भावाकडे पाहिलं. मग म्हणाली, "सांगतलं होतं. राजीखुशीनं केली तिनं सही."

बाईंनी घसरलेला चष्मा वर करून आईकडे पाहिलं. मला वाटलं, यांनी ओळखलं. आई खोटं बोलली होती, तरी त्याच क्षणी मला आत कुठेतरी हायसं वाटलं.

मग माझी पाळी आली.

"तुम्ही मराठीच्या शिक्षिका आहात. कागद वाचला नाही?"

"भाऊ होता, मॅडम."

"आणि सातबारा पाहिल्यावर? सहा वर्षं गप्प का राहिलात?"

"भावावर कोर्टात कशी जाऊ? माहेर तुटतं ना."

त्यांनी मान हलवली आणि माझं उत्तर टायपिस्टला सांगितलं. माझ्या तोंडून निघालं तेव्हा ते रडणं होतं. त्यांच्या तोंडून ते नुसतं एक वाक्य झालं.

निकाल माझ्या विरोधात गेला.

बाहेर व्हरांड्यात भाऊ वकिलाला म्हणाला, "अन् आपण काहून घाबरून राहिलो होतो गा!" माझ्याकडे पाहून त्यानं हसू आवरलं. आई पदर नीट करत राहिली.

निकालाची प्रत मी वकिलांच्या ऑफिसात वाचली. त्यात एक परिच्छेद होता. आपल्याकडे लेकींकडून अशा सह्या कशा घेतल्या जातात, नात्याच्या भिडेपोटी त्या कागद का वाचत नाहीत, हे न्यायालय जाणून आहे. पुढच्याच ओळीत 'तथापि' होतं. वादी सुशिक्षित आहे, फसवणूक कळल्यावरही तिनं कायद्यानं दिलेली मुदत उलटू दिली, सबब दावा फेटाळण्यात येतो.

एखाद्या पुरुषाला माझं दुखणं कळलं नसतं तर मी त्याला माफ करून टाकलं असतं. या बाईंना कळलं होतं. कळूनही त्यांनी 'तथापि' लिहिलं. घरी येऊन मी त्यांच्यावर जेवढी चिडले तेवढी भावावरही चिडले नव्हते. आपल्याच माणसानं दगा दिला, असं मी नवऱ्याला दहा वेळा सांगितलं. अकराव्या वेळी तो म्हणाला, "त्या आपल्या कधी होत्या?" मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. तो बोलला ते बरोबर होतं. मला न्यायाधीश नको होता, बहीण हवी होती. आणि भावानं अर्जात नेमकं हेच लिहिलं, तेव्हा मी त्याला कोती नजर म्हटलं होतं.

तरीही दगा झाल्याची भावना गेली नाही. अजून गेलेली नाही. अपील दाखल केलं तेव्हा वकिलांना पहिला प्रश्न काय विचारला, तर, "तिथे कोण आहेत?"

काही महिन्यांनी आईचा फोन आला. "येत काहून नाही वं तू?"

"कोर्टात खोटं काहून बोलली?"

ती लगेच म्हणाली, जणू उत्तर कधीचं तयार होतं, "मले त्याच्याच घरी राहाचं आहे ना, बाई."

पुढच्या रविवारी मी सक्करदऱ्याला गेले. भाऊ बाहेर गेला होता. आईनं वरण-भात वाढला, वर तूप घातलं. मी जेवले, तिचं ताट धुतलं, तिच्या गोळ्या नीट लावून ठेवल्या. तिला माफ केलं नाही.