बाहेरबसा डॉक्टर

नागरवाड्यातल्या त्या डॉक्टरांचं नाव पाटीवर लिहिलेलं होतं, पण पाटी कोण वाचतो? सगळे त्यांना बाहेरबसा डॉक्टर म्हणत. पेशंट आत शिरला की त्याच्या मागून घुसणाऱ्याला डॉक्टर पहिलं वाक्य ऐकवत, "बाहेर बसा." गुजराती असला तर "बहार बेसो." नमस्कार-चमत्कार नंतर. नवरा असो, सासू असो, मोठा साहेब असो, सगळ्यांना एकच. ओट्यावर दोन बाकडी टाकलेली होती, ती खास हाकललेल्या लोकांसाठी. आत एक पेशंट आणि बाहेर फुरंगटलेले सात नातेवाईक, असा तो दवाखाना होता.

आता आमच्या बडोद्याच्या मराठी माणसांना हे चालणार कसं? आमच्यात डॉक्टरकडे कुणी एकटं जात नाही. ज्याचं दुखतं तो गप्प बसतो आणि बरोबरचा बोलतो, ही आमची रीत. त्यातून आमच्या प्रत्येकाचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. कुणाचे दिवाण-कचेरीत, कुणाचे खजिन्यात. माझे आजोबा तबेल्यात गवताचा हिशेब लिहायचे, पण आम्हीही ‘सरकारी नोकरीत होते’ एवढंच सांगतो. अशा घराण्यातली बाई परक्या पुरुषाला शौचाला किती वेळा झालं ते स्वतःच्या तोंडाने सांगणार? ते नवऱ्याने सांगायचं. मी सांगायचोच की. बारा वर्षं सांगत होतो.

एकदा मी बाकड्यावर असताना एक बाप बारावीतल्या मुलीला घेऊन आला. दार उघडंच होतं. म्हणाला, "डॉक्टर, यंदा आम्हाला बारावी आहे. आम्हाला सकाळी सारखं जावं लागतं."

डॉक्टर म्हणाले, "पोट कुणाचं दुखतं? तुमचं की हिचं?"

"हिचंच."

"मग परीक्षा तुम्ही का देताय? बाहेर बसा."

तो गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसला आणि मला म्हणाला, "माणूस विचित्र आहे." मी म्हटलं, "भयंकर." दोघांचंही पोट तेवढ्यापुरतं हलकं झालं.

नव्वदनंतरची ती वर्षं. शहरात सगळं नवं येत होतं. डॉक्टर म्हणायचे, "टीव्हीला चाळीस चॅनल आले त्याच वर्षी बडोद्यात सगळ्यांना गॅस झाला. शेअर पडला की निम्म्या अलकापुरीला ॲसिडिटी, पोराचा व्हिसा अडकला की उरलेल्या निम्म्याला." काचेची नवी हॉस्पिटलं झाली होती. लिफ्टमध्ये गाणी वाजायची. तिथे पोटाचं पॅकेज मिळायचं, नळी घालून पाहिलं की त्याच्याबरोबर डोळे तपासणी फुकट. डोळ्यांचा पोटाशी काय संबंध, ते मी विचारलं नाही. फुकट होतं म्हणून चष्म्याचा नंबर काढून आलो.

त्याच सुमारास मकरपुऱ्याच्या आमच्या कारखान्याने म्हाताऱ्या फिटरांना व्हीआरएस देऊन घरी बसवलं. मी सातवी शिकलेला, पण यंत्रातलं मला कळतं. यंत्र नसलं की मला काहीच कळत नाही. घरी बसलो आणि घरालाच कारखाना समजलो. सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, स्वयंपाकघरात खुर्ची टाकली. डबे उंचीप्रमाणे लावले. कुकरची तिसरी शिट्टी झाली की ओरडायचो, "बंद कर, चौथी कशाला?" तिचं पोट आधीपासूनच नाजूक होतं. ते आता रोजच दुखायला लागलं. जेवली की फुगायचं. सकाळी तीन-तीनदा पळायची, मग दोन दिवस काहीच नाही. मी दारामागे एक तक्ता चिकटवला. किती वाजता खाल्लं, काय खाल्लं, किती वेळा गेली. कारखान्यात मशीनचा ठेवायचो तसाच. ती काही बोलायची नाही. वाळत मात्र चालली होती. दोन वर्षांत बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मी मनातून घाबरलो होतो. घाबरलो की मी तक्त्यात आणखी एक रकाना वाढवायचो.

हॉस्पिटलात रक्त, लघवी, सोनोग्राफी, नळी, सगळं झालं. सगळं नॉर्मल. मला राग आला. इतकं दुखतं आणि नॉर्मल कसं? एक डॉक्टर म्हणाला, "मनाचे खेळ आहेत, लक्ष देऊ नका." ती त्या दिवशी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजली. दुखणं खोटं आहे असं कुणी म्हणालं की ते दुप्पट होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एक गोष्ट मात्र माझ्या तक्त्यात पकडली गेली. तिची बहीण शहराच्या दुसऱ्या टोकाला, वासण्याला राहायची. तिथे चार दिवस गेली की ही भजी खायची, वांग्याचं भरीत खायची, आणि पोट गप्प. मी विचार केला. तेल तेच, डाळ तीच, मग फरक कशात? पाण्यात! वासण्याचं पाणी चांगलं. मग काय, स्कूटरला पुढे एक आणि मागे एक कॅन बांधून मी दिवसाआड वासण्याहून पाणी आणायला लागलो. साडू म्हणाले, "अहो, आमच्याकडेही तीच नगरपालिका." मी ऐकलं नाही. पावणेदोन महिने आणलं. कंबर माझी गेली, पोट तिचं दुखतच राहिलं.

शेवटी शेजारच्या कांताबेन म्हणाल्या, "भाई, पेला बाहेरबसाने बतावो ने." त्या बाहेरबसाला दाखवा म्हणाल्या, म्हणून गेलो.

आत शिरलो आणि खुर्चीवर बसता बसता सुरू झालो, "हिला जेवणानंतर अर्ध्या तासाने डाव्या बाजूला—"

"तुम्ही कोण?"

"मिस्टर."

"बाहेर बसा."

"पण ती सांगणार नाही. तिला सांगता येत नाही."

"आजवर कधी सांगू दिलंत?"

मी बाहेर बसलो. बाकड्यावरून भिंतीवरचं घड्याळ दिसायचं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. पोटाचं सांगायला दहा मिनिटं? मी तर तक्ता दोन मिनिटांत वाचून दाखवायचो. पस्तीस मिनिटं झाली आणि सुमन बाहेर आली. डोळे लाल, पण मान ताठ. मग डॉक्टरांनी मला आत बोलावलं.

"फिटर ना तुम्ही? मग तुमच्या भाषेत सांगतो. मोटर ठीक आहे, पाइप ठीक आहे. ते रिपोर्ट मीही पाहिले, पोट दाबूनही पाहिलं. पण लाइनीत व्होल्टेज वरखाली होतंय. अशा वेळी मोटर गरम होते. ती काय नाटक करते का?"

"नाही."

"तसंच. दुखणं खरं आहे. पोट आणि मन एकाच लाइनीवर आहेत. मन आकसलं की आतडं आकसतं, आणि आतडं रोज दुखलं की मन आणखी आकसतं. औषध देतो, तेही लागेल. पण नुसत्या औषधाने होणार नाही."

मी वासण्याच्या पाण्याचं सांगितलं. म्हटलं, तिथे मात्र बरी राहते. डॉक्टर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. मग एकदम गंभीर झाले. "पाणी आणलंत, फार चांगलं केलंत. पण वासण्यात तुम्ही नसता, ते कॅनमधून कसं आणणार?"

मला ते लगेच समजलं नाही. कागद घेऊन मी मेडिकलवाल्याकडे गेलो. वर दोन गोळ्या सुमनच्या नावाने होत्या. खाली रेघ मारून माझं नाव, आणि पुढे, ‘रोज सकाळी दहा ते संध्याकाळी पाच घराबाहेर. रविवारी सुट्टी.’ मेडिकलवाल्याने कागद दोनदा वाचला आणि म्हणाला, "काका, आ नीचेवाळी दवा अमारे त्यां नथी."

रस्त्यात मी सुमनला थांबवलं. "तू काय सांगितलंस त्याला?"

"पोटाचं सांगितलं."

"पस्तीस मिनिटं?"

"बारा वर्षांचं होतं, अहो."

चिडलो मी. चार दिवस तिच्याशी बोललो नाही. स्वतःच्या घरात मी रोग झालो? पाचव्या दिवशी सकाळी दहाला चप्पल घातली. म्हटलं, याला खोटं पाडून दाखवतो. सयाजीगंजात ओळखीच्या एकाचं दुरुस्तीचं दुकान होतं. तिथे होस्टेलच्या पोरापोरींच्या इस्त्र्या, कूलर, मिक्सर उघडायला बसलो. यंत्रं मिळाली आणि मी माणसात आलो. दीड-दोन महिन्यांनी सुमनने वरणाला लसणाची फोडणी दिली, माझ्यादेखत दोनदा वाढून घेतलं, आणि वर म्हणाली, "काय बघताय? जेवा." डॉक्टरला खोटं पाडायचं राहूनच गेलं. तक्ता मीच फाडला. पूर्ण बरी झाली असं नाही म्हणत मी. लग्नसराईत दुखायचं, कुणी भांडलं की दुखायचं, मी दुपारी लवकर आलो तरी थोडं दुखायचं. पण अंग धरलं तिने. संध्याकाळी मी आलो की दिवसभराचं सांगायची. इतकी वर्षं एका घरात राहून मला तेव्हा कळलं की तिला कांताबेनची नक्कल येते.

पुढे मी डॉक्टरांकडे नुसता गप्पा मारायला जायला लागलो. तेव्हा दिसलं की त्यांच्या टेबलाच्या खणात ॲसिडिटीच्या औषधाची गुलाबी बाटली असते. जगाला शहाणपण शिकवणारा हा माणूस रविवारी सकाळपासून उपाशी बसायचा, कारण अमेरिकेतून मुलाचा फोन यायचा असायचा. फोन आला की जेवण, नाही आला की गुलाबी बाटली. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, तुमच्या मनाचं काय?" तर म्हणाले, "माझं पोट अमेरिकन टायमावर चालतं. मला कळतं सगळं. कळून बरं होत असतं तर डॉक्टर आजारीच पडले नसते." आणि मला म्हणाले, "बाहेर बसा." मी बसलो. रागाने नाही, पेशंट आला होता.

सुमन गेली ती पोटाने नाही, हृदयाने गेली. भर दुपारी. खंडेराव मार्केटहून भाजी घेऊन आली, पिशवी ठेवली, पलंगावर टेकली, ती उठलीच नाही. कांताबेनने दुकानावर फोन केला तेव्हा माझ्या हातात कुणाच्या तरी कूलरचा पंखा होता.

मग माणसं आली. प्रत्येक जण तेच म्हणायचा, "किती जपलंत हो तुम्ही तिला. पाणीसुद्धा वासण्याहून आणायचात." मी मान हलवायचो आणि आतून पेटायचो. माझ्या पोटात अन्न ठरेना. भात गेला की उलटून यायचा. चहासुद्धा टोचायचा. आमचा मुलगा आला होता, तो म्हणाला, हॉस्पिटलात दाखवू. मी म्हटलं, मला माहीत आहे कुठे जायचं ते. चौदाव्या दिवशी दवाखान्यात गेलो, एकटाच.

डॉक्टर सामान बांधत होते. मुलाकडे कायमचे निघाले होते. पुस्तकं दोरीने बांधलेली, बाकडी भिंतीला उभी केलेली. मला बसवलं, पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली. "काय विचारायचंय ते विचारा," म्हणाले.

"तिचं पोट माझ्यामुळे दुखायचं का?"

दुसऱ्या कुणीही ‘छे, छे’ म्हटलं असतं. डॉक्टरांनी हातातली दोरी खाली ठेवली.

"हो," म्हणाले. "सगळं नाही. पण बरंचसं."

त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही, पाणी दिलं नाही, काही नाही. मग मी म्हटलं, "ती गेली तेव्हा मी घरी नव्हतो. तुम्ही बाहेर राहायला सांगितलं होतंत म्हणून नव्हतो. एकटी होती ती."

"सांगितलं होतं," डॉक्टर म्हणाले. "तो दोष माझ्याकडे लागला. आदल्या आठवड्यात ती इथे आली होती. महिनाभरात गोळी लागली नाही म्हणाली. त्या दुपारी तिचं पोट दुखत नसणार. तुमच्यामुळे दुखायचं हे खरं, आणि शेवटी दुखत नव्हतं हेही खरं. दोन्ही घेऊन जा. बाकी जे बोलली ते तिचं आहे, ते मी सांगणार नाही."

मला गोळी दिली नाही. मी उठलो, वाकून नमस्कार केला. त्यांना ते आवडलं नाही. पुढे त्यांचं काय झालं मला माहीत नाही. अमेरिकेतली बातमी आमच्यापर्यंत कोण आणणार?

दवाखान्यातून निघालो तो कोपऱ्यावरच्या सेव-उसळच्या गाडीशी थांबलो. चौदा दिवसांच्या उपाशी पोटाला असलं तिखट कुणी देत नाही. मी दिलं. उभ्यानेच खाल्लं, सगळं खाल्लं, आणि ते पोटात राहिलं. डोळ्यांतून नाकातून पाणी वाहत होतं. तिखट तरी जास्त पडली की काय, म्हणून गाडीवाला घाबरला.

"काका, तरी वधारे पडी गई?"

"ना," मी म्हटलं. "बराबर छे."